मुळावरची पोर

खर्ड्याजवळची वाडी
बुधवार, २ फेब्रुवारी १९४४

प्रिय कानिफ,

बोट दाखवायला तुला दुसरं कुणी मिळालं नाही का? नाताळच्या उपासनेला शाळेची खोली गच्च भरलेली. तुझ्या नाकासमोर तुझे दाजी बसलेले, ज्यांनी त्याच सकाळी बांधावरच्या बोरीवरून शेजाऱ्याला नाही नाही ते ऐकवलं होतं. एवढे पिकलेले पापी पुढ्यात असताना ते सोडून तू नेमकं माझ्या मांडीवरच्या तान्ह्या नातीवर बोट रोखलंस, आणि खडा आवाज काढून म्हणालास, हे बाळसुद्धा मूळ पाप घेऊनच जगात आलं आहे. सगळी खोली माना वळवून पोरीकडे बघायला लागली. तुला वाटलं, उपदेश भिडला. भिडला कसला! माणसं भ्यायली. तू चहा पिऊन दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत बसलास नि नगरला गेलास. इथं मागं काय झालं ते निस्तरायला आक्का आहेच.

तुला ठाऊक नव्हतं, कारण मीच कुणाला सांगू दिलं नव्हतं. आता ऐक. पोरगी झाली तेव्हा बनुबाई सुईण होती. कुणब्याची बाई, पण हात हलका, आपल्या घरातली सगळी बाळंतपणं तिनेच केली. तिने आपल्या मनानेच गावच्या जोशीबोवाला वेळ विचारली आणि पाचवीच्या दिवशी मला गोठ्यात गाठून म्हणाली, राहीबाई, पोर मूळ नक्षत्रावर झालीया, बापाच्या मुळावर हाय. तुमी किरिस्ताव, शांत-बिंत करनार न्हाई, ठावं हाय मला. पन बाप तिकडं लढाईवर हाय, म्हून सांगितलं. मी तिला म्हटलं, तुझ्या तोंडात माती पडो. गुळाचा खडा हातावर ठेवला आणि वाटेला लावलं. आपला भीमा ब्रह्मदेशाच्या बाजूला आहे, जंगलात आहे, एवढंच आम्हाला माहीत. मी ती गोष्ट गिळून टाकली. प्रेमलाला, माझ्या सुनेला, सांगितली नाही आणि नवऱ्यालाही नाही.

आणि मग तू आलास, आणि काही माहीत नसताना सगळ्यांसमोर तेच बोललास. मूळ पाप! बनुबाई त्या दिवशी करंज्या न्यायला आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. तिने डोळे एवढे मोठे केले. जाताना माझ्या कानाला लागून म्हणाली, म्या सांगितलं तर तोंडात माती, आता तुजा पादरी भाऊबी तेच बोलला की गं! मला तिथल्या तिथं घाम फुटला, कानिफ. ऐन थंडीत.

तू हसशील. म्हणशील, आक्का, मूळ पाप म्हणजे नक्षत्राचं पाप नव्हे. ते मला आता कळलं. मी प्रेमलाला आडून आडून विचारलं. ती ट्रेनिंग झालेली मास्तरीण, तिने नीट सांगितलं. म्हणाली, आत्याबाई, विहिरीचा झराच मचूळ असला की कितीही घासूनपुसून पोहरा सोडा, पाणी मचूळच येणार, तसा माणसाचा स्वभाव. पोहऱ्याचा दोष नव्हे, झऱ्याचा. झालं, एवढंच होतं! मग तू तसं बोलायचं होतंस. मचूळ पाणी या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तुला कुठली पुस्तकातली मुळं काढायची हौस. इथली निम्मी माणसं रविवारी तुझी गाणी म्हणतात आणि मांजर आडवं गेलं की माघारी फिरतात, हे तुला कुणी सांगायला पाहिजे का? तुझंच नाव बघ. आईने मढीच्या कानिफनाथाला नवस केला तेव्हा तू झालास. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनचा साहेब म्हणाला नाव बदला, तर आबा म्हणाले, नवस फेडायचा राहून गेला तर राहू द्या, नाव राहील. कानिफनाथ पाळक! आपल्या घरात जुनं आणि नवं एकाच मडक्यात शिजलं. मग माझ्या मनातून मूळ निघालं नाही म्हणून मला दोष देऊ नकोस.

दाजींची तर दुसरीच तऱ्हा. तू सांगितलंस ना, माणसाला आपल्या बळावर चांगलं करता येत नाही? तेवढं त्यांनी पक्कं धरलं. रस्त्याच्या कडेला जनावरांसाठी दगडाची डोण आहे, ती इतकी वर्षं रोज पहाटे तेच भरायचे. नाताळापासून बंद. मी म्हटलं, मुकी जनावरं वास घेऊन परत जातात, उठा. तर घोंगडीतून म्हणतात, आपल्या हातून चांगलं होतच न्हाई, कानिफ सांगून गेला न्हवं? उगं वरच्याच्या कामात कशाला हात घाला. त्यांना आळसाला निमित्त हवं होतं, ते तू नगरहून आणून दिलंस. आता डोण मी भरते. भरताना तुला चार शिव्या देते, त्याही पापातच धर.

ज्याची भीती होती ते पुढंच आहे. नाताळाच्या आधी भीमाचं कार्ड आलं होतं, पोरीला माझा मुका, तिचं नाव मी आल्यावर ठेवू, असं. त्यानंतर कार्ड नाही. टपालवाला वळणावर दिसला की मी हातातलं काम टाकते. तो सायकलवरून उतरला तरी भीती, नाही उतरला तरी भीती. प्रेमला म्हणते, लढाईतली पत्रं अशीच थांबतात आणि मग एकदम येतात. ती पोरीला न्हाऊ घालते, गाणी म्हणते, हसते. तिला काही ठाऊकच नाही. मी मात्र पोरीच्या तोंडाकडे बघते आणि मला तिच्या कपाळात भीमाचं काय झालं ते लिहिलेलं दिसायला लागतं. बनुबाई परवा पुन्हा आली होती. म्हणाली, गुपचूप करू, जोशीबोवा माझ्या घरी येतील, तेलाच्या वाटीत बापानं तोंड बघायचं असतं, बाप न्हाई तर त्याचा सदरा ठेवू. मी तिला हाकलून दिलं. पण हाकलता हाकलता विचारलं, आता उशीर तर नाही झाला? हे मी विचारलं, कानिफ. आबांची लेक.

आणि तुमचं पाणी तरी कुठं पडलं तिच्या डोक्यावर? मी तुला म्हटलं होतं, आलाच आहेस तर बाप्तिस्मा उरकून टाक. तर तू हसून म्हणालास, भीमा येऊ दे, बापाच्या मांडीवर करू. पोरीला ना तुमचं पाणी मिळालं ना त्यांचं तेल. उघडी पडली आहे ती. नावसुद्धा नाही. तिला हाक मारायची तर आम्ही ए बाय म्हणतो.

येत्या सोमवारी प्रेमलाची रजा संपते. ती शाळेत जाणार, मधल्या सुट्टीत पाजायला येणार, बाकी सगळा दिवस पोर माझ्याकडे. दाजी रानात. घरात मी आणि ती, दोघीच. प्रेमलाला वाटतं, सासू आहे म्हणजे काळजी नाही. सगळ्या गावात सांगत सुटली आहे, माझ्या आत्याबाई असताना मला कसली चिंता. मी मात्र पोरीला घेत नाही. सुगीपासून घेतलेली नाही. ज्वारी उपटून हात फुटलेत, सालटं बोचतील, असं सांगते. हात केव्हाच बरे झाले. प्रेमलाने काल माझे तळवे उलटेपालटे करून बघितले आणि पोरीला घेऊन आत गेली. तिला काय वाटलं असेल ते वाटो, पण ती खिन्न झाली.

तुला आठवत नसेल, तू दोन वर्षांचा होईपर्यंत माझ्याच कडेवर होतास. मी स्वतः केवढी, तरी आई कामाला गेली की तुला घेऊन दिवसभर हिंडायची. लोक म्हणायचे, राही, भावाला खाली ठेव, पाठीला बाक येईल. मी ठेवलं नाही. शाळेत गेले तेही तुला कडेवर घेऊनच. बाई म्हणायच्या, हाय लिहू नको, आहे लिही, आणि तू माझ्या पाटीवर लाळ गाळायचास. पुढं तू मोठा झालास, पुस्तकं शिकलास, माझं शिकणं तिथंच राहिलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण दोन गोष्टींची मला घमेंड होती. एक, मी खोटं बोलत नाही. दुसरी, माझ्या हातातलं लेकरू कधी पडत नाही. तू दरवर्षी येऊन पापाचं सांगायचास तेव्हा मी मनात म्हणायची, हे दाजींना लागू, शेजाऱ्याला लागू. माझं काय आहे? मी कुणाच्या काडीला हात लावला नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते, आणि तू ते फाडून चुलीत घाल. सुगीत आम्ही वरच्या तुकड्यात ज्वारी काढत होतो. दाजी कडब्याची गाडी घेऊन खाली गेले होते, प्रेमला घरी भाकरी आणायला. पोर बांधावरच्या बाभळीला झोळीत निजली होती. भरदुपार. मी माझ्या ओळीची पात धरून ज्वारीचं एकेक ताट मुळासकट उपटत होते आणि प्रत्येक ताटाला मनात तोच शब्द, मूळ, मूळ. मान वर केली तर बांधावर लांडगा. झोळीपासून बैलगाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर. हलत नव्हता, झोळीकडे बघत होता. इथल्या कुठल्याही बाईने काय केलं असतं? बोंब मारली असती. मी मारली नाही. मी उभी राहिले, हातात ज्वारीचं ताट, आणि माझ्या मनात आलं, जाऊ दे, माझा भीमा वाचेल. मला भुरळ पडली नव्हती, कानिफ, मी दचकूनही गप्प झाले नव्हते. मी विचार करून गप्प राहिले. लांडग्याने दोन पावलं टाकली तरी गप्प. मग कुणीतरी किंचाळलं, एवढं मोठं की बाभळीवरची पाखरं उडाली, आणि मी धावत होते, आणि तो आवाज माझ्याच घशातून निघत होता. मी ओरडायचं ठरवलं नव्हतं. देवाशपथ, नव्हतं ठरवलं. लांडगा पळाला, पोर जागी झाली आणि मला बघून हसली. प्रेमला भाकरी घेऊन आली तेव्हा मी तिला लांडग्याचं सांगितलं, आणि ती माझ्या पाया पडली. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून माझी लेक वाचली. मी तिला पाया पडू दिलं. तुझं बोट चुकलंच होतं, पण वीतभरच. मांडीवरच्या पोरीवर नको होतं, जिची मांडी होती तिच्यावर पाहिजे होतं. गप्प राहिली ती राही, ते मी ओळखलं, तो झरा माझाच. पण ओरडलं ते कोण? माणसाच्या बळावर चांगलं होत नाही म्हणतोस, तर मग ते माझं बळ नव्हतं, आणि माझं नव्हतं तर सोमवारी ते येईल का? चुलीपाशी, रांजणापाशी, दारं बंद असताना मी पुन्हा गप्प राहिले, तर ते दुसऱ्यांदा ओरडेल, याचा शब्द तू देऊ शकतोस का? देऊ शकत असलास तर स्वतः ये, पोरीच्या डोक्यावर पाणी घाल, तिला नाव दे आणि पोर तुझ्या हाताने माझ्या हातात दे. देऊ शकत नसलास तर तसं लिही, म्हणजे मी प्रेमलाला सगळं सांगून तिला लेकीसह माहेरी अकोल्याला पाठवते, मग तिने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. टपालावर माझा भरवसा नाही. मोटारीवरच्या छगनच्या हाती हे देते आहे, तो शनिवारी तिकडून परत निघतो. त्याच्याबरोबर तू ये, नाहीतर चिठ्ठी दे. उपदेश नको, हो की नाही ते सांग. रविवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पाहिजे.

तुला कडेवरून खाली न ठेवलेली, तुझीच
राही आक्का