कॉलर धरणं हा नियम आहे

३ जुलै
आणि मी परत सांगतो, त्यात प्रेमबिम काही नाही. छापखान्यातल्या कुरामोचीबाईंना तीन आठवडे हेच सांगतोय. ज्युदोत समोरच्याची कॉलर धरायचीच असते. मालिकेतला होझुमी तात्सुनामीची कॉलर धरतो कारण तसा नियम आहे. डोळ्यांत बघतो कारण पायाकडे बघितलं की आपटलाच. यावर बाई पानं जुळवता जुळवता म्हणाल्या, "बरं बाबा. मग कॉलर सोडल्यावर का बघतो?"
उत्तर होतं. पण मशीन सुरू करायचं होतं.
ऑगस्टच्या चाहत्यांच्या जत्रेसाठी सध्या छापखान्यात याच पुस्तिका. अ‍ॅनिमेतले हे दोन हाडवैरी, आणि या गिऱ्हाईक बायका स्वतः चित्रं काढून, पदरचे पैसे घालून त्यांचं एकमेकांशी जमवून देतात. मी कडा कापतो. दिवसभर ते दोघे माझ्या पात्याखाली मिठी मारून पडलेले. शाळा मी अर्ध्यात सोडली, ही चौथी नोकरी, सगळं मान्य. पण ज्युदो इथे एकट्या मला कळतो.

७ जुलै
आईचा फोन. सावागुचीचं लग्न ठरलं, सप्टेंबरात, गावाकडे हिरोसाकीला. सावागुची म्हणजे शेजारच्या गावचा, शाळेत असताना प्रत्येक स्पर्धेत माझ्यासमोर तोच. म्हटलं, छान. आईने विचारलं आवाज असा का येतोय. म्हटलं, एसी.
जाणार. नवा सूट घेणार. वैऱ्याच्या लग्नात ताठ मानेने उभं राहायचं.
संध्याकाळी काम करताना कोणीतरी डावीकडची कॉलर ओढली. वळून पाहिलं, कोणी नाही. वळायची गरज नव्हती. ओढ समोरून होती.

१२ जुलै
पत्रिका आली. सोबत उत्तराचं कार्ड. 'येणार' किंवा 'नाही', गोल करून महिनाअखेरीपर्यंत पाठवायचं. कोपऱ्यात त्याच्या वाकड्या अक्षरात: नक्की ये, तू नसलास तर मी कोणाशी लढलो हे कोणाला पटणार.
म्हणजे वैर अजून जिवंत आहे. बरं वाटलं. खात्री करायला चार-पाच वेळा वाचलं.
गोल उद्या करतो. आज पेन चांगलं नव्हतं.

१५ जुलै
निश्चय: अख्खी मालिका बघून मुद्देसूद खंडन लिहायचं आणि बाईंच्या टेबलावर ठेवायचं.
मुद्दा एक. होझुमीला तात्सुनामीची पावलं न बघता ओळखू येतात. यात काय विशेष? सावागुचीची मला यायची. उजवा पाय जरासा घासतो त्याचा.
मुद्दा दोन. हरल्यावर होझुमी तात्सुनामीचा टॉवेल परत करत नाही. माणूस विसरतो. माझ्याकडेही आहे एक. धुवायचा राहिलाय.
मुद्दा तीन उद्या.

१९ जुलै
आयासेबाई चित्रांची पानं घेऊन आल्या. नेहमीच्या गिऱ्हाईक, वॉर्ड ऑफिसात नोकरी. एका पानावर कॉलर चुकीच्या हाताने धरलेली. राहवलं नाही. सांगितलं, उजवा हात, समोरच्याच्या डाव्या बाजूला, छातीशी, अंगठा आत. त्यांनी विचारलं, मग कसं वाटतं?
खंडनाची आयती संधी. सविस्तर सांगितलं. त्याची मूठ गळ्याखाली टेकते, तेव्हा ठोके त्याचे की आपले ते कळत नाही. त्याचा श्वास थांबला की समजायचं, आता उचलणार. फेकतानाही आपली बाही सोडत नाही, डोकं आपटू नये म्हणून. शेवटच्या स्पर्धेत त्याने मला खाली दाबून धरलं होतं आणि पंचाने थांबवेपर्यंत मी सुटलो नाही, हेही सांगितलं. खांदा दुखत होता, तेही.
त्या लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "आणि उठल्यावर काय बोललात?"
म्हटलं, वाकून नमस्कार केला. नियम तेवढाच आहे.
त्यांनी तेही लिहून घेतलं. मत बदललं असणार.

२४ जुलै
कागदाच्या गोदामात कोणीतरी पाय घासत चालत होतं. कुरामोचीबाईंना विचारलं, कोण आलंय? त्या म्हणाल्या पंखा आहे, कागद हलतोय, तू जेवलास का. गार सोबा नूडल्स खाल्ल्या. पंखा बंद केला.
अजून कोणीतरी चालतंय.

३१ जुलै
ओव्हरटाइम. टपालपेटी वाटेतच आहे, पण हातात डबा होता. कार्ड राहिलं.

६ ऑगस्ट
आयासेबाईंची पुस्तिका छापून आली. कापायला घेतली तर शेवटच्या पानावर तात्सुनामी खाली, होझुमी वर, आणि भोवती मी सांगितलेलं सगळं. ठोके, श्वास, बाही. सुटला नाही ते. फक्त दुखरा खांदा गाळलाय. तळाला अगदी कडेशी तात्सुनामी एकदाचा बोलतो. एकच वाक्य. इथे लिहीत नाही, काही खास नव्हतं.
पातं सरकलं. अख्खा गठ्ठा बोटभर आत कापला गेला, वाक्य कचऱ्याच्या पेटीत. मशीन जुनं आहे, मालकांना कितीदा सांगितलंय.
मालक माफी मागायला लागले, पुन्हा छापून देतो म्हणाले. आयासेबाईंनी पान बघितलं, मग मला बघितलं. "राहू दे असंच. तो बोलणाराच नव्हता."
वेळ वाचला, बरंच झालं.
आज दिवसभर त्याने कॉलर सोडली नाही.

१६ ऑगस्ट
बोनचा सण संपला. गेलेली माणसं घरी येऊन, पाहुणचार घेऊन परत गेली. सावागुची तर जिवंत आहे. मग माझ्याकडे हे कोण येतं?
आईचा फोन. कार्डाचं उत्तर आलं नाही म्हणून सावागुचीकडच्यांनी लग्नात माझी खुर्ची धरली नाही. सावागुची स्वतः घरी येऊन विचारून गेला, माझं काही चुकलं का. आई म्हणाली, एवढा मोठा गडी, दारात उभा होता रे, आत यायला तयार नाही.
निश्चय: तरी जायचं. दारात उभं राहिलं की खुर्ची देतातच. बसच्या तिकिटाचे दहा हजार वेगळे काढले.

४ सप्टेंबर, दुपारी
सुट्टी मिळाली नाही. म्हणजे मागितली असती तरी मिळाली नसती.
म्हणून आहेर पोस्टाने पाठवतोय. बँकेतून दहा हजाराच्या दोन कोऱ्या नोटा आणून पाकिटात घातल्या. कुरामोचीबाई बघत होत्या. म्हणाल्या, "लग्नाच्या पाकिटात दोन? दोनाचे सरळ दोन भाग होतात रे. जोडपं मोडावं असं कोणाला वाटतंय का?"
शेंबड्या पोरालाही माहीत असतं हे. म्हटलं, लक्षात नाही राहिलं. बाईंनी गार चहा माझ्याकडे सरकवला आणि माझं पिऊन होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.
मग तिकिटाची नोट काढली. चुरगळली होती, कागदाच्या गठ्ठ्याखाली दाबून सरळ केली आणि तीही घातली. पाकिटावर नाव बाईंकडून लिहून घेतलं, माझं अक्षर धड येईना. सगळे मित्र देतात तेवढेच. तीस हजार येन.