विमलची तबकडी आणि निळी पेटी

७ जुलै, सोम.
नीरजाने पुण्याहून खोकं पाठवलं. आत आकाशी निळी पेटी, सुटकेससारखी. उघडली की रेकॉर्ड प्लेयर, स्पीकर पोटातच. लेकीचा लगेच फोन, ‘‘बाबा, आता आईला ऐका.’’

विमलचा, माझ्या वि.चा, आवाज घरात एकाच जागी आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची तबकडी, ट्रंकेत. आधी मुख्याध्यापकांचं भाषण, मग त्यांनीच रचलेली कविता, वि.ने म्हटलेली. तेव्हा ती चौथीला शिकवायची. दुसरी प्रत कुणाकडे असेलसं वाटत नाही. आमचं जुनं यंत्र केव्हाच भंगारात गेलं. वि. गेल्याला हा तिसरा पावसाळा.

आधी एक जुनं नाट्यगीत लावून पाहिलं. गायकाला पत्र्याच्या डब्यात कोंबून झाकण लावल्यासारखा आवाज. सुईच्या टोकाला काळी लव. ही सुई वाजवत नाही, खरवडते. शी! वि.ला हिच्याखाली द्यायचं नाही.

९ जुलै
लोणावळ्याच्या बाजारात चौकशी. दुकानदार: ‘‘काका, रेकॉर्ड कशाला? हा ब्लूटूथ घ्या. स्विमिंग पुलात तरंगतो.’’ मला पोहत गाणं ऐकायचं नाही म्हटलं.

दिनू सोबत. रेल्वेतून निवृत्त, खंडाळ्याला राहतो, मत मात्र जगावर. ‘‘आवाज येतोय ना त्या पेटीतून? मग झालं की! तू कवितेतला माणूस, तुला यंत्रातलं काय कळतंय?’’

कळत नाही, खरंच. म्हणून फोनवर वाचत बसलो. हाती लागलं ते एवढंच. सुईच्या दांड्याच्या मागे फिरवता येणारं वजन हवं, म्हणजे सुई किती टेकवायची ते आपल्या हाती. तबकडीतला आवाज नखाएवढा, तो वाढवायला मधे प्रीअँप. स्पीकर वेगळे, प्लेयरपासून लांब. बाकी नुसती जाहिरात. ‘व्हिंटेज फील’ म्हणे. आम्ही जगलो ते यांचं फील!

१२ जुलै, शनि.
आमच्या मळवलीत शनिवार म्हणजे शेजारच्या बंगल्यात पाहुणे आणि धडधडाट. मालकाने कुंपणावरून हाक मारली, ‘‘अंकल, रेकॉर्ड शोधताय ना? आमच्याकडे भिंतभर आहेत.’’ गेलो. भाबडा.

होत्या खऱ्या. एकीच्या मधोमध काटे बसवून घड्याळ. एक तापवून, वाकवून वाडगा केलेली, तिच्यात वेफर्स. लेबल वाचलं, कुणा बाईंचा ख्याल. त्यावर मसाल्याची बोटं. ‘‘कूल ना, अंकल?’’ चहा न घेता आलो.

१५ जुलै
पुणे. पेटी नापसंत केली म्हणून नीरजा फुगलेली. ‘‘वायरलेस स्पीकर घेऊ, बाबा. वायरी दिसणार नाहीत.’’
‘‘दिसू देत. आवाज कुठून कुठे जातो ते कळतं.’’
‘‘तुमचं ना, सगळ्यालाच नाही!’’

विकणाऱ्याने सोनेरी मुलाम्याची वायर पुढे केली. ‘‘सर, याने साउंड ओपन होतो.’’ किळस आली. साधी घेतली. अखेर ठरलं: पट्ट्यावर फिरणारा साधा प्लेयर, मागे वजन, प्रीअँप आतच. दोन छोटे स्पीकर, अँप्लिफायर त्यांच्या पोटात. परतताना नीरजाच म्हणाली, हे आधीच विचारायला हवं होतं तुम्हाला.

१८ जुलै
मांडणी. एकाच टेबलावर सगळं ठेवलं तर घरघर, आणि कुणी चाललं की सुई उडते. स्पीकर खिडकीजवळच्या फळीवर नेले, प्लेयरखाली सखूचा पाटा घातला. सखू वरच्या वाडीची, वि. असल्यापासून घर सांभाळते. ‘‘आबा, आता वाटन कशावर वाटू? तुमच्या गान्यावर?’’

नाट्यगीत लावलं. डब्याचं झाकण उघडलं! गायक श्वास घेतो तोही... दिनूनेच परत लावायला सांगितलं. दिनूने!

वि.ला रविवारी. नीरजा येतेय.

२० जुलै, रवि.
लिहवत नाही.

ट्रंक उघडली, तबकडी नाही. सखूला विचारलं. ती सरळ शेगडीपाशी गेली. पावसाळ्यात शेगडीवर डालगं पालथं घालून कपडे वाळवतो, त्या डालग्यावर, माझ्या बंडीशेजारी, वि.

‘‘वर लय बुरा आलता, आबा. आज लावनार म्हनला न्हवं, म्हनून जरा शेक दिला. बाईंचा आवाज सर्दला असंल म्हनलं.’’

कड पापडासारखी वर आलीय.

नाही नाही ते बोललो तिला. नीरजा म्हणाली, ‘‘बाबा, पुरे!’’ तो वेफर्सचा वाडगा डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी शोभेसाठी केलं, हिने मायेने. तबकडीला काय फरक?

२३ जुलै, बुध.
सपाट व्हावी म्हणून खिडकीच्या दोन सुट्या काचांमध्ये तबकडी, वर पाटा. सखू येते, काम करते, जाते. भाजीत मीठ नव्हतं, मीही मागितलं नाही.

दिनू: ‘‘निळ्या पेटीवर लाव की एकदाची. जायचीच तर जाऊ दे पुरती.’’ याला मित्र म्हणायचं.

सकाळपासून तबकडीतली कविता ओठांवर:
धुक्यात आमुची गाय हरवली,
घंटा तेवढी येते ऐकू...
वर्गात ‘गाय’ म्हटलं की पोरं हसायची. वि. रागवायची नाही, थांबायची. पुढचं आठवत नाही. तिच्या आवाजात घरात आहे म्हणून मी कधी पाठच केलं नाही.

२७ जुलै, रवि.
काचा काढल्या. थोडी बसलीय, पुरती नाही. पाटा परत प्लेयरखाली. नीरजाने वजन बेताने लावलं. म्हणाली, तबकडीची लाट कडेला मोठी आहे, आत कमी. आईची कविता आतल्या अंगाला.

सखू निघाली होती. ‘‘बस,’’ म्हटलं.
‘‘नगं, आबा. माझं तोंड नगं तितं.’’
‘‘बस गं. तुझ्याच पाट्यावर फिरतेय ती.’’
उंबऱ्यात बसली. पदर तोंडाला.

सुई होडीसारखी वरखाली. दोनदा उडाली. मुख्याध्यापकांचं भाषण झुलतंय, प्यायल्यासारखं. काय माणूस हा! देणगीदारांची नावं, मग त्यांच्या वडिलांची. वीट आला. नुसतं ऐकत बसवत नाही म्हणून लिहीत बसलोय.

‘‘आबा, बाई कवा लागनार?’’
‘‘ह्या गृहस्थाचं संपू दे.’’

आता आभार. सुईपुढे ती गुळगुळीत काळी पट्टी दिसतेय, त्याच्या आणि वि.च्या मधली. नीरजा म्हणते, बाबा, पेन ठेवा खाली