शेंगदाण्याचं कूट

भुकूम, ५ ऑगस्ट २०२५

चि. जनार्दनास सारजाआक्काचा आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत.

फोन उचलत न्हाई म्हणून रागावला असशील. तुझं बोलणं निम्म्यावर आलं की पहिलं निम्मं डोक्यातनं गळतं. कागदावरचं हलत न्हाई, म्हणून लिवतेय.

आपल्या खोलीत भाड्यानं ऱ्हाणारी अपेक्षा माझ्याच खानावळीत जेवती. शेंगदाणा तिला अजाबात चालत न्हाई. रविवारी तिनं दारातनं परत सांगितलं, मी व्हय म्हणले. आत आले, तेवढ्यात कुणीतरी आमटी मागितली, तव्यावरची भाकरी उलटली, अन् तिचं सांगणं सुटलं. सवयीनं भाजीत कूट टाकलं. दोन घासांत तिचा गळा सुजला, श्वास घेता येईना. तुझ्या भाच्यानं, निरंजननं, गाडीत घालून दवाखान्यात नेली. वाचली.

मला ठाऊक व्हतं रे, तरी टाकलं. तवापासनं रडूबी येत न्हाई.

तुझी आक्का

सांगली, ११ ऑगस्ट २०२५

ती. आक्काच्या पायांशी जनार्दनाचा नमस्कार.

पत्र वाचून तसाच उठलो. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वय झालं की एक गोष्ट मनात धरून दुसरी करणं जड जातं. मध्येच कुणी बोललं की धरलेलं सुटतं. जुनं बहुधा पक्कं राहतं. एवढ्यानं घाबरायचं नाही, पण एकदा तपासून घ्यायचं. मी चिंचा चोरल्याचं तू अजून चारचौघांत सांगतेस, तेव्हा जुन्याची मला काळजी नाही! एका वेळी एकच काम कर. चूल मात्र सोडू नकोस.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा धाकटा,
जनार्दन

भुकूम, २४ ऑगस्ट २०२५

चि. जनार्दनास आशीर्वाद.

तपासून आले. डॉक्टर तुझ्यावानीच बोलला. तरी चूल सुनेच्या, रेश्माच्या हातात दिली.

काल अपेक्षा आली. मला वाटलं, खोली सोडती म्हणून सांगायला आली. तर म्हणाली, मावशी, आज तुम्हीच करा, मी शेजारी उभी राहते. मी नको म्हणले, ती हलंना. एकच भाजी केली, एकच भाकरी. तवर कुणी बोललं न्हाई. ती जेवली. मी तिच्या गळ्याकडं बघत बसले. हात धुवून ती कामावर गेली.

निरंजननं इचारलं, आई, आता तरी बरं वाटलं का. अपेक्षा उठली तितंच बसले अन् उरलेली भाजी खाल्ली. मीठ लई कमी व्हतं. पोरगी बोलली न्हाई.

माया असू दे.

तुझी आक्का