अठरापैकी सतरा

महाल, नागपूर

प्रिय रुपराव,

यमुताईचे अनेक आशीर्वाद. पारशिवनीत सगळं क्षेम असेल असं धरून चालते, कारण विचारलं तर तुझं उत्तर अर्धंच येतं. तुझ्या प्रेमिलाचा गुडघा कसा आहे? माझी साखर काबूत आहे (हे लिहिताना समोर बर्फी आहे; ती का, ते पुढे कळेलच).

परवा नातीच्या, हिमानीच्या, मोबाइलवर एक प्रश्नावली दिसली. लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, असं जे एडीएचडी म्हणून असतं, त्याची लक्षणं आपल्यात आहेत का हे ताडून पाहायची. अठरा प्रश्न. सुरू केलेलं काम अर्धवट सोडता का? वस्तू हरवता का? समोरचा बोलत असताना मन भलतीकडे जातं का? मला वाटलं, तुला ओळखणाऱ्यानंच हे लिहिलं असणार. ती कागदावर छापून घेतली, चष्मा लावला आणि तुझ्या वतीनं पेपर सोडवायला बसले. (पुरावे पाठ होतेच: हरवलेल्या तीन कंपासपेट्या, एक डावी चप्पल, आणि दळण विसरून तू चक्कीवाल्याची मोटर खोलून बसलास तो दिवस.) अठरापैकी सतरा आले! आपल्या घरात एवढे मार्क आजवर कुणाला पडलेत? मी लगेच संत्रा बर्फी मागवली.

हिमानीनं कपाळाला हात लावला. "आजी, हे ज्याचं त्यानं भरायचं असते. तू काहून भरून राहिली? आन जास्त मार्क म्हणजे पास नाही वं!" मग तिनं समजावलं, की ही नुसती चाळणी, निदान डॉक्टरच करतात; पण तसं असलंच तर ते लहानपणापासून असतं, आणि तो आळस नसतो की उद्धटपणा नसतो.

बर्फी तशीच राहिली. आठवीच्या सहामाहीत गणिताचा पहिला प्रश्न तू अचूक सोडवलास आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसलास. मी नुकती डी.एड. झालेली, नवी मास्तरीण. तुला घरच्या अंगणात अंगठे धरून उभं केलं. तू रडत म्हणालास, "ताई, मी मुद्दाम नाही करून राहिलो वं." उलट बोललास म्हणून मी शिक्षा वाढवली. तू खरं सांगत होतास रे. त्याच वर्षी बाबांनी तुझी शाळा सोडवून तुला पंपदुरुस्तीच्या दुकानात बसवलं, आणि ते जाईपर्यंत तू त्यांच्याशी धड बोलला नाहीस. मला फार वाईट वाटतं. पुढे तीस वर्षांत शाळेत असे किती रुपराव मी अंगठे धरून उभे केले, देव जाणे.

तुझी,
यमुताई

ता. क. कोरी प्रश्नावली सोबत आहे. मी भरलेली फाडली. तुझी उत्तरं तू दे. डॉक्टरकडे जावंसं वाटलं तर इकडे ये, मी सोबत येईन. (तिसऱ्या प्रश्नाला उठून एखादा पंप खोललास तरी मी रागावणार नाही.)

आणखी एक. बाबांना तुला शिकवायचंच होतं. "याला शाळेत ठेवून उपयोग नाही," हे मीच त्यांना सांगितलं. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून त्यांनी ऐकलं, आणि माझं नाव कधी तुझ्यापुढे काढलं नाही. त्यांच्यावरचा राग आता सोड. काढायचाच असेल तर माझ्यावर काढ. मी अजून आहे.