तांबड्याचा मान

सावळवाडी, ता. लोहा
२८ ऑगस्ट २०२२

ती. अक्काच्या पायाशी हणमंतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडं सगळी खुशाल. फोनवर बोललो असतो, पण बोलताना भरून येतं आणि घरातली पोरं बघतात. म्हणून कागद घेतला.

परवा पोळ्याला आपल्या तांबड्याला तोरणाखालून जाऊ दिलं न्हाई. माझा तांबड्या आणि शेषेरावचा बैल सावड करून एकाच औताला चालतात, तुला ठावं हाय. शेषेरावचा गेला, मागं तांबड्या, तर सरपंच नरसिंग आडवा झाला. म्हणाला, ज्यानं ग्रामसभेत गावाची इज्जत काढली त्याचं जनावर गावाच्या तोरणाखालून जाणार न्हाई. मी फक्त टाकीचं पाणी का येत न्हाई एवढं विचारलं होतं. तांबड्या जोडीदाराकडं मान वळवून हंबरत होता आणि मी वेसण ओढून त्याला माघारी आणलं. सारा गाव बघत राहिला. घरी त्यानं पुरणपोळी तोंडात घेतली न्हाई, मीबी न्हाई.

तुझा हणमंत

जळकोट
४ सप्टेंबर

चि. हणमंतास भामाबाईचे पोटभर आशीर्वाद.

रडका कुठला! लहानपणी कुणी मारलं की माझ्या पदरात तोंड घालायचास. आता पदर जळकोटात आणि तू साठीला आलास.

तोरणाशी सरपंच उभा राहतो ना? मग हिवाळ्यात निवडणुकीला उभा राहा. पुढच्या पोळ्याला तिथं तू उभा आणि नरसिंग बैलांसकट माघारी. तोवर मीबी पुरणपोळीला हात लावणार न्हाई. गोड किती आवडतं मला, हे तुला सांगायला नको.

अक्का

सावळवाडी
२९ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

तांबड्या गेला. दिवाळीनंतर बसला तो उठलाच न्हाई. बांधावरच्या लिंबाखाली पुरला. दुसरा बैल आणायला मन होईना.

आज लोह्याला जाऊन फॉर्म भरला. नरसिंग चावडीवर म्हणून राहिला की बिनबैलाचा शेतकरी सरपंच व्हायला निघाला. खरंच अक्का, निवडून आलो तरी पोळ्याला जाऊ काय घेऊन?

हणमंत

जळकोट
६ डिसेंबर

चि. हणमंतास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चूल विझली तरी कळलं न्हाई. तुझी सून उज्वला इकडं येईल तेव्हा तिच्या हाती त्या लिंबाखालची ओंजळभर माती पाठव. कशाला ते विचारू नको.

मतं मागायला बायकांकडं आधी जा. टाकी कोरडी पडली की घागरी त्या वाहतात, नवरे न्हाईत.

अक्का

जळकोट
८ सप्टेंबर २०२३

सरपंच हणमंतरावांस (मान देऊन बघितला, तुला शोभत न्हाई) आशीर्वाद.

टाकीला पाणी आलं, ऐकून बरं वाटलं. निकालाच्या दिवशी नरसिंग हार घेऊन आला आणि तू मान पुढं केली न्हाईस, हे ऐकून त्याहून बरं वाटलं.

सोबतच्या डब्यात तांबड्या हाय. त्याच्याच मातीचा केला, गेरू लावला. एक शिंग वाकडं झालंय, त्याचंबी होतंच.

नरसिंगनं उदगिरच्या बाजारातून देवणी जोडी आणली म्हणतात. चांगली उन्हात उभी कर, मग माघारी हाकल. दया केलीस तर माझं तोंड बघू नको.

अक्का

सावळवाडी
१५ सप्टेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

काल पोळा झाला. तळहातावर तांबड्या घेऊन मी सगळ्यांच्या पुढं निघालो, तर लोक हसले. शेषेरावनं आपला बैल आणून माझ्या शेजारी लावला. दोघं जोडीनंच तोरणाखालून गेले. मग कुणी हसलं न्हाई.

नरसिंगला शेवटपर्यंत थांबवलं. त्याच्या जोडीच्या शिंगांचं बेगड उन्हात चमकत होतं. हाकलायला हात उचलला तर त्यातल्या एकानं मान वळवून हंबरडा फोडला, अगदी तांबड्यासारखा. अक्का, माझ्यानं त्यांना माघारी लावणं झालं न्हाई.

रागावू नको, पुढं वाच. मी नरसिंगच्या हातातला कासरा काढून घेतला. म्हणालो, बैलांचा गुन्हा न्हाई, ते जातील, तू थांब. जोडी मी स्वतः तोरणाखालून नेली, मारुतीला फिरवली, त्याच्या दारात त्याच्या बायकोकडून ओवाळून घेतली. नरसिंग रिकाम्या हातानं वेशीबाहेर उभा. सारा गाव बघत राहिला. अंधार पडल्यावर तो मागच्या गल्लीनं घरी गेला.

तुझ्या वाटणीच्या पोळ्या उज्वलासोबत पाठवतो, आता खा. तांबड्यालाबी भरवली. वाकड्या शिंगाला पुरण लागलंय, ते मी पुसलं न्हाई.

माया हाय तशीच राहू दे.

तुझा हणमंत