पिवळा पडलेला नमुना

चिली, १२ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप बाबांना शाल्मलीचा नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. वरण-भात रोज करते. आईने दिलेला स्वेटर पुरतो.

इथल्या वेधशाळेत आम्ही लाखो ताऱ्यांची चमक मोजतो, ती काही ठरावीक ताऱ्यांशी ताडून. तुमच्या खरेदी केंद्रावर प्रतवारीसाठी पेटीत नमुन्याचा कापूस असतो, तसंच. आमच्या त्या ठरावीक ताऱ्यांतला एक चार वर्षं मंद होत चालला आहे. मी तीनदा तपासलं. त्यामुळे बाकीचे तारे उगाच उजळ ठरतात.

हे सांगितल्यावर विभागप्रमुख हसले. "आकडे एकमेकांशी जुळतात ना? मग अहवालावर सही कर." दुपारी जेवताना त्यांनीच पाहुण्यांना अचूकतेवर भाषण दिलं. मला शिसारी आली. मी ताट तसंच ठेवून उठले. आता त्यांच्याशी हात मिळवायचीही किळस वाटते.

मारेगावला तुम्ही पेटीतला नमुना व्यापाऱ्यांसमोर फेकून दिला होता, ते आठवलं. "नमुनाच पिवया पडला, तं कोणताई कापूस पांढराच दिसन ना!" केंद्राचे साहेब महिनाभर तुमच्याशी बोलले नव्हते. आता तो नमुना वेळेवर बदलतात का? आणि तुमच्या मोतीबिंदूचं काय ठरलं?

मी सही केली नाही. माझं नाव त्या कामावरून काढा, असं लिहून दिलं. मार्चनंतर माझ्या नोकरीची मुदत वाढणार नाही, एप्रिलात घरी येईन. मला सुट्टी मिळाली असं आईला सांगू नका. खरं तेच सांगा.

तुमची,
शाल्मली