काकाच्या शेजारचं पान

भाद्रपद वद्य चतुर्दशी, संध्याकाळ. मांजलपूर

मन थाऱ्यावर नाही. शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध आजच्या तिथीला, म्हणून दरवर्षीसारखं काकाचं पान वाढलं. घडियाळी पोळ या आमच्या जुन्या वस्तीतल्या गच्च्यांवर पतंग उडवणारा माझा काका. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्ब टाकून परतताना विमानासकट गेला, ऐन चोविशीत. हाती काहीच आलं नाही.

माझी रेवा परवा हवाई दलाच्या प्रशिक्षणाला निघतेय. पान गच्चीवर नेताना तिनं विचारलं, "बाबा, पायलटआजोबांच्या बॉम्बनं खाली जे मेले, तेही शस्त्रानंच ना? मग त्यांचं पान?"

मी डाफरलो तिच्यावर. उगाच. काकाची धाकटी बहीण, आमची आत्या, आत गेली आणि दुसरं पान वाढून घेऊन आली. तेवढेच वडे, तेवढीच खीर. म्हणाली, "इतकी वर्षं दादाला एकट्यालाच वाढलं रे आपण."

ते दुसरं पान डोळ्यांपुढून हलत नाही. आजवर एकच धास्ती होती, रेवा परत आली नाही तर? पण असं विचारणारी पोर उद्या बॉम्ब टाकून सुखरूप परत आली, माझ्यासमोर जेवायला बसली, आणि तिच्या घशाखाली घास उतरला नाही, तर?